मिंचो कालपाकोव्हची काळी चौकट

मिंचो कालपाकोव्हने एकतीस वर्षांत आमच्या रावनोग्रादमधली इतकी माणसं छापली आहेत, की गावातल्या कुठल्याही खांबापुढे उभं राहिलं तर त्याच्या हातचा एक तरी चेहरा आपल्याकडे बघत असतो. माणसं म्हणजे मेलेली माणसं. आमच्याकडे कुणी गेलं की त्याचं पत्रक निघतं. काळी चौकट, मधे फोटो, खाली नाव, जन्माचं साल, जाण्याचं साल, आणि शेवटी किती वाजता कुठे जमायचं ते. पत्रक घराच्या दारावर लागतं, जिन्यात लागतं, त्या माणसाच्या नेहमीच्या बसथांब्यावर लागतं. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतं, सहा महिन्यांनी लागतं, मग दरवर्षी, पोरांना आठवण राहील तोवर. जिवंतपणी ज्याचं नाव कधी कुणी धड उच्चारलं नाही, तो मेल्यावर वीस वर्षं खांबावर मिरवतो. आम्ही रावनोग्रादकर माणसाची कदर करतो, फक्त थोडी उशिरा.

मिंचो स्वतःची टिंगल करण्यात कुणाला हार जायचा नाही. डॉक्टरांनी हात टेकले की आपले हात चालू होतात, असं तो सांगे. आपल्या धंद्यात गिऱ्हाईक परत येत नाही, आणि आलंच तर आपण मागच्या दाराने पळून जाऊ, असंही सांगे. पण हे सगळं दुकानाबाहेर, कॉफीच्या टपरीवर. दुकानात कुणी वडिलांचा फोटो घेऊन आलं की तो खुर्ची पुढे करी, पाणी देई, आणि फोटोतल्या माणसाला ओळखत असला तर त्याची एखादी चांगली गोष्ट आठवून सांगे. ओळखत नसला तरी सांगे.

सुरुवात अशी नव्हती. दुकान उघडलं तेव्हा मिंचो बत्तीस वर्षांचा होता, आणि लग्नाच्या पत्रिका, नाटकांच्या जाहिराती, कापडगिरणीची कॅलेंडरं असलं सगळं छापायचा. मग गिरणी बंद पडली. लग्नाळू पोरं जर्मनीला आणि स्पेनला गेली, त्यामुळे लग्नं गेली. नाटकवाल्यांच्या छपरातून पाणी गळायला लागलं, नाटक गेलं. घड्याळाच्या मनोऱ्यापासून चर्चपर्यंतचा आमचा मोठा रस्ता, जिथे पूर्वी रविवारी चालायला जागा नसे, तिथल्या दुकानांच्या काचांवर आतून वर्तमानपत्रं लागली. उरली म्हातारी माणसं. आणि म्हातारी माणसं उरली म्हणजे मिंचोचं काम उरलं. सगळा रस्ता अंधारात गेला तरी एक त्याचं दुकान उघडं होतं, आणि त्याच्या दाराशेजारी त्याच्या बायकोची, पेन्काची, फुलांची टपरी.

पेन्काच्या टपरीचा नियम एकच आणि तो आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतो. जिवंत माणसाला विषम फुलं, मेलेल्याला सम. वाढदिवसाला पाच, मयताला सहा. यात चूक केली तर घरात आयुष्यभर बोलणी खावी लागतात. पेन्का गिऱ्हाइकाचं तोंड बघून आकडा ओळखे. नवरा छापतो, बायको मोजते, गावाचा निरोप समारंभ आमच्या घरचाच आहे, असं ती म्हणायची, आणि या विनोदावर मिंचोपेक्षा स्वतःच जास्त हसायची.

मग सहा वर्षांपूर्वी कालिना परत आली. ही आमच्या जुन्या पोस्टमास्तरांची नात. बारा वर्षं व्हिएन्नात राहून, तिथे गाण्याबजावण्याच्या मोठमोठ्या जलशांची व्यवस्था बघून आलेली. तिने ठरवलं की जून महिन्यात आठवडाभर मोठ्या रस्त्यावर संगीताचा उत्सव करायचा. आम्ही हसलो. पहिल्या वर्षी एक उसना ट्रक हाच रंगमंच होता, आणि ऐकायला कुत्री जास्त होती. दुसऱ्या वर्षी बाहेरगावची पोरं आली. तिसऱ्या वर्षी कुणीतरी काचेवरचं वर्तमानपत्र फाडून आत कॉफीचं दुकान काढलं. मग बेकरी आली, आइस्क्रीम आलं, एकाने जुन्या टोप्यांच्या दुकानात चार खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली. सहाव्या वर्षापर्यंत रस्ता असा उजळला, की आम्ही म्हातारे त्याला ओळखेनासे झालो. आणि जे ओळखू येत नाही तिथे आम्ही जात नाही. ते सगळं तरुणांसाठी आहे, असं म्हणत आम्ही आपापल्या ठोकळ्या इमारतींच्या बाकांवर बसून राहिलो.

या उजळलेल्या रस्त्यावर मधोमध मिंचोची काच होती आणि काचेत नमुन्यादाखल लावलेली सदतीस मेलेली माणसं.

एप्रिलमध्ये कालिना त्याच्या दुकानात आली. ती मिंचोला काका म्हणायची, लहानपणी त्याच्याकडून रंगीत कागदाचे तुकडे नेलेले तिला आठवत होते, त्यामुळे जे सांगायचं होतं ते तिला जड जात होतं. नगरपालिकेची जागा होती, करार संपत आला होता, आणि पालिकेचं म्हणणं होतं की असलं दुकान आता इथे शोभत नाही. त्याला दुसरी जागा मिळणार होती. चांगली, मोठी, कोरडी. स्मशानाच्या फाटकाला लागून. निर्णय उत्सव झाल्यावर, मंगळवारच्या बैठकीत.

"काका, लोक इथे आइस्क्रीम खातात," ती म्हणाली. "आणि समोर ही सगळी बघत असतात."

"त्यांनाही आवडायचं आइस्क्रीम," मिंचो म्हणाला.

कालिनाला हसू आलं, पण तिने मत बदललं नाही. पालिका बैठकीत तिचं मत विचारणार हे खरं आहे, आणि विचारलं की ती खोटं बोलणार नाही, असं तिने सांगितलं.

त्या दिवशी मिंचोला जेवण गेलं नाही. फाटकाजवळची जागा मोठी असेल, कोरडी असेल, पण तिथे गेलेला माणूस संध्याकाळी परत येतो असा त्याचा अनुभव नव्हता. या रस्त्यावर त्याने शाळेतून येताना मार खाल्ला होता, पेन्काला पहिल्यांदा पाच फुलं इथेच दिली होती, आणि रस्ता मेला तेव्हाही त्याला सोडून गेला नव्हता. आता रस्ता जिवंत झाला तर त्यालाच बाहेर काढत होते. त्याला भीती वाटली, आणि त्रेसष्टाव्या वर्षी जागेसाठी घाबरतोय याची लाजही वाटली. दुसऱ्या दिवशी तो कालिनाच्या कार्यालयात गेला आणि टोपी हातात धरून म्हणाला, "मला एकदा जिवंत माणसांचं काम देऊन बघ. जमलं नाही तर मी स्वतः सामान हलवायला खटारा बोलावतो."

कालिनाने विचार केला आणि त्याला छोट्या रंगमंचाचं काम दिलं.

छोटा रंगमंच म्हणजे गिरणीचा जुना बँड. एके काळी चाळीस जणांचा होता, आता नऊ उरले होते, आणि त्या नवांतला नववा मिंचो स्वतः. त्याच्याकडे पितळी झांजा होत्या. त्या त्याला मिळाल्या त्या कानामुळे नव्हेत, तर वेळेवर येण्याच्या सवयीमुळे. मार्चच्या एका धूनमध्ये चार ठोके. उरलेला वेळ सरळ उभं राहायचं आणि चेहरा गंभीर ठेवायचा, जे पुढे त्याला धंद्यात फार उपयोगी पडलं. मागच्या वर्षी बँडला ऐकायला अकरा माणसं होती, आणि त्यातली चार शेजारच्या शौचालयाच्या रांगेत उभी होती. कालिनाचं म्हणणं होतं की या वर्षी प्रत्येक वादकाचं वेगळं पत्रक करू. साधं, आजच्या पद्धतीचं. पांढरा कागद, काळापांढरा फोटो, नाव, भरपूर मोकळी जागा. लोकांना वाटलं पाहिजे की ही आपलीच माणसं आहेत.

मिंचोने आयुष्यात कुठल्या कामावर घेतली नसेल इतकी मेहनत या नऊ पत्रकांवर घेतली. फोटो त्याने निवडले, गंभीर, छातीपर्यंतचे, कारण हसरे फोटो छापायची त्याला सवय नव्हती. नाव ठळक. नावाखाली जन्माचं साल, म्हणजे लोकांना वय कळेल, आणि सालापुढे एक छोटी रेघ, कारण रेघेशिवाय साल त्याला नेहमीच अर्धवट वाटत आलं होतं. त्याखाली बारीक अक्षरात वाद्य. मग, "शनिवारी संध्याकाळी सहा वाजता, घड्याळाच्या मनोऱ्याखाली. सर्वांनी यावे." एवढं झाल्यावर कागद त्याला उघडा उघडा वाटला. म्हणून त्याने कडेने चौकट घातली. बारीक. काळी.

पेन्काने बघितलं असतं तर तिथेच थांबवलं असतं, पण त्या आठवड्यात टपरीवर पदवीदान समारंभाची गर्दी होती आणि तिला मान वर करायला वेळ नव्हता.

गुरुवारी सकाळी सकाळी मिंचो खळीचा डबा आणि कुंचा घेऊन निघाला. पत्रकं कुठे लावायची हे कालिनाने सांगितलं नव्हतं आणि मिंचोला विचारावंसं वाटलं नव्हतं. हाताला वाट पाठ होती. ट्यूबावाल्या, म्हणजे बँडमधलं सगळ्यांत मोठं पितळी शिंग वाजवणाऱ्या, ग्रोझ्दानचं पत्रक ग्रोझ्दानच्या इमारतीच्या दारावर, जिन्यात, आणि तो जिथून बस पकडतो त्या थांब्यावर. क्लॅरिनेटवाल्याचं क्लॅरिनेटवाल्याच्या दारावर. असे आठ जण झाले. शेवटी स्वतःच्या इमारतीच्या दारावर त्याने स्वतःला लावलं, कुंच्याने चार कोपरे नीट दाबले, दोन पावलं मागे जाऊन बघितलं. फोटो चांगला आला होता. तो खूश होऊन वर गेला आणि झोपला, कारण पहाटे चारला उठला होता.

दहाच्या सुमाराला पेन्काच्या टपरीवर बेकरीवाली आली आणि चार कार्नेशन मागितली. तिचे डोळे लाल होते. पेन्काने फुलं काढता काढता सहज विचारलं की कोण गेलं. बेकरीवालीने तिचे दोन्ही हात धरले आणि रडू लागली. मग औषधवाला आला. त्यालाही सम हवी होती. तो म्हणाला, की अशा वेळी टपरी उघडायला काळीज लागतं. तिसऱ्या माणसाने सरळ नाव घेतलं.

पेन्का चपला हातात घेऊन घरी धावत आली. नवरा पलंगावर तोंड उघडं टाकून पडला होता. तिने त्याच्या छातीवर कान ठेवला, तो जागा झाला आणि काय झालं म्हणून विचारू लागला. तेव्हा पेन्काने त्याच्या कानाखाली वाजवली. तेहतीस वर्षांच्या संसारातली ही पहिली आणि आजवर शेवटची.

"खाली दारावर स्वतःला लावून आलास," ती म्हणाली, "आणि मला सांगितलंसुद्धा नाहीस."

मिंचो खाली जाऊन दारापुढे उभा राहिला. आता त्याला दिसलं. एकतीस वर्षांत एकाही पत्रकात त्याने चूक केली नव्हती, आणि हेही पत्रक बिनचूकच होतं. फक्त त्यातला माणूस पायजम्यात समोर उभा होता. दाराच्या पायरीवर कुणीतरी दोन फुलं ठेवून गेलं होतं. दोनच, याचं त्याला जरा वाईट वाटलं.

पेन्का टपरीवर परत गेली आणि पुढच्या तिघांना तिने शपथेवर सांगितलं की मिंचो ठणठणीत आहे. तिघांनीही तिच्या हातावर थोपटलं आणि हळूच मान फिरवली. चौथ्याला तिने काही सांगितलं नाही. नुसती फुलं दिली.

दुपारपर्यंत गावाने स्वतःची समजूत घातली होती. एका दिवसात एकाच बँडची नऊ माणसं जातात म्हणजे अपघात. अपघात म्हणजे बस. बँडची बस डोंगरात कोसळली. बँडकडे बस नाही, सायकलसुद्धा दोघांकडेच आहे, पण हे कुणाला सुचलं नाही. संध्याकाळी सहाला कधी कुणाचं मयत असतं का, असं एकाने बाकावर विचारलं. तेव्हा दुसऱ्याने समजावलं की कलाकार माणसं होती, ऊन उतरल्यावर मानाने निरोप देणार असतील. पत्रकावर जाण्याचं साल नाही हेही कुणी बघितलं नाही. आम्ही चौकट बघतो, चेहरा बघतो, वेळ बघतो. त्याच्या पुढे वाचायला चष्मा लागतो.

कालिना दुपारी दुकानात आली तेव्हा तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच मिंचोला धडकी भरली. सकाळपासून सतरा जणांनी तिचं सांत्वन केलं होतं. पालिकेतल्या एकाने, ज्याला हे दुकान सर्वांत जास्त खुपत होतं, एक मिनिट स्तब्ध उभं राहण्याची सूचनाही मांडली होती. तिने मिंचोला एकच सांगितलं. आज संध्याकाळच्या आत सगळी पत्रकं निघाली पाहिजेत.

"आणि काका," ती दारातून म्हणाली, "मंगळवारी मला विचारतील तेव्हा मी काय सांगू, ते तुम्हीच सांगा."

खटारा बोलावण्याचं वचन मिंचोने स्वतःच दिलं होतं.

तो बादली आणि पत्रा घेऊन खरवडायला निघाला. पहिली अडचण खळीची होती. मिंचो आयुष्यात एकच वस्तू उत्तम बनवत आला होता, ती म्हणजे खळ. कागद फाटला पण निघाला नाही. ग्रोझ्दानचं अर्धं कपाळ निघालं आणि मिशा दारावर राहिल्या. दुसरी अडचण मागून आली आणि तिने छत्रीने त्याच्या पाठीत ढोसलं. त्याच इमारतीतल्या झ्लातका आजी, वय वर्षं ब्याऐंशी. मेलेल्या माणसाचा कागद फाडताना आमच्याकडे कुणी दिसला तर त्याची खैर नसते.

"मेल्या, मेलेल्याला तरी सोड," आजी म्हणाल्या. "कोण आहेस तू?"

"मी मिंचो, आजी. छापखान्याचा मिंचो."

आजींनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"मिंचो गेला," त्या म्हणाल्या. "मी सकाळी वाचलंय."

"तो मीच छापला. चूक झाली."

"त्याने कधी चूक केली नाही. माझा नवरा छापला त्याने, बहीण छापली, दोन्ही दीर छापले. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि तू कोण उपटसुंभ त्याला चुकलेला ठरवणारा?"

मिंचोला आयुष्यात त्याच्या कामाची इतकी स्तुती कुणी ऐकवली नव्हती, आणि ती ऐकताना छत्रीही लागत होती. तो बादली घेऊन मागे सरला.

तेवढ्यात वरच्या बाल्कनीतून ग्रोझ्दानने त्याला हळूच बोलावलं. ग्रोझ्दान एकोणऐंशी वर्षांचा, त्याच्या ट्यूबाएवढाच रुंद. मिंचोला वाटलं आता इथेही मार. पण ग्रोझ्दानने त्याला आत घेतलं, दार लावलं आणि टेबलाकडे बोट केलं. टेबलापाशी ग्रोझ्दानचा धाकटा भाऊ बसला होता. वडिलांच्या द्राक्षमळ्यावरून हे दोघे एकवीस वर्षं एकमेकांशी बोलले नव्हते. भाऊ हातात सहा फुलं घेऊन तीन मजले चढून आला होता, आणि दार मेलेल्यानेच उघडलं होतं. मग दोघांनी मिळून अर्धी बाटली संपवली होती. फुलं बरणीत होती. पाच. सहावं खिडकीत पडलं होतं.

"माझं काढू नकोस," ग्रोझ्दान म्हणाला. "शनिवारपर्यंत राहू दे. अजून बहीण यायची आहे."

मिंचो बादली घेऊन घरी आला आणि त्याने कालिनाला निरोप पाठवला की पत्रकं निघत नाहीत. खळ चांगली आहे असंही त्यात लिहिलं होतं, पण पेन्काने ते वाक्य खोडायला लावलं.

शनिवारी साडेपाचला मिंचो बँडचा जुना निळा कोट घालून, झांजा काखेत धरून मागच्या गल्लीतून रंगमंचाकडे निघाला. कोटाची बटणं लागत नव्हती. त्याला वाटत होतं की उद्यापासून आवराआवर करावी, काचेतली सदतीस माणसं खोक्यात भरावी, वर्तमानपत्रं जुळवावी. दुकानं रिकामी झाली की आतून वर्तमानपत्रं लावायची असतात, हे या रस्त्यावर त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं.

गल्लीच्या तोंडाशी तो थांबला. घड्याळाच्या मनोऱ्यापासून चर्चपर्यंत मोठा रस्ता काळा झाला होता. माणसंच माणसं. ठोकळ्या इमारतींतली, बाकांवरची, सहा वर्षांत एकदाही इकडे न फिरकलेली रावनोग्रादची सगळी म्हातारी मंडळी काळे कपडे घालून, इस्त्री करून, रुमाल बांधून उभी होती. कुणी बस होती म्हणत होतं, कुणी बस नव्हती म्हणत होतं. कुणी शपथेवर सांगत होतं की त्याने कालच क्लॅरिनेटवाल्याला टोमॅटो घेताना पाहिलं. ज्याचा विश्वास होता तो निरोप द्यायला आला होता, ज्याचा नव्हता तो खात्री करायला आला होता, आणि फुलं दोघांच्याही हातात होती. सम.

सहाचे टोले पडले आणि नऊ जण रंगमंचावर चढले.

इतकी शांतता आमच्या रस्त्यावर मी फक्त गिरणी बंद झाली त्या दिवशीच ऐकली होती. लोक चेहरे मोजत होते. ग्रोझ्दान आहे. क्लॅरिनेटवाला आहे. शेवटच्या टोकाला, बटणं न लागलेल्या कोटात, मिंचो आहे. झ्लातका आजी पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि मिंचोकडे बराच वेळ बघितलं. मग त्यांनी हातातल्या चार फुलांतलं एक उपसलं आणि शेजारी जमिनीवर ठेवलं. उरली तीन. ती तीन त्यांनी छातीशी धरली.

मागच्या बाईने ते बघितलं आणि आपलंही एक फूल काढून खाली ठेवलं. मग तिच्या मागच्याने. मग सगळा रस्ता वाकला. गुडघे दुखणारी माणसं एकमेकांना धरून वाकत होती आणि एकेक कार्नेशन दगडांवर ठेवत होती, आणि कुठेतरी मागे कुणीतरी हसायला लागलं, आणि ते हसणं पुढे येत येत रंगमंचापर्यंत आलं. त्या हसण्यात निम्मं रडणं होतं. मी स्वतः त्यात होतो, त्यामुळे मला माहीत आहे.

बँडने गिरणीचा मार्च धरला. तो आम्हाला सगळ्यांना पाठ होता, पाळी सुटताना रोज वाजायचा. मिंचोचे त्यात चार ठोके. पहिला त्याने चुकवला, कारण डोळे पुसायला त्याच्याकडे मोकळा हात नव्हता. उरलेले तीन त्याने असे मारले, की मनोऱ्यावरची कबुतरं उडाली. मार्च संपला तेव्हा लोकांनी तोच पुन्हा मागितला, आणि तिसऱ्यांदाही मागितला, कारण बँडला आणखी फारसं येत नव्हतं हे आम्हाला ठाऊक होतं.

आणि मग घरी कुणी गेलं नाही. आता आलोच आहोत तर, असं म्हणत काळ्या कपड्यांतली ती सगळी गर्दी कॉफीच्या दुकानांत शिरली, खुर्च्या ओढून बसली, आइस्क्रीम मागवू लागली. ग्रोझ्दानची बहीण दोन्ही भावांच्या मधे बसून दोघांनाही शिव्या देत होती. झ्लातका आजी मिंचोच्या काचेपुढे पिस्त्याचं आइस्क्रीम खात उभ्या होत्या आणि बाहेरगावच्या दोन पोरींना आतला एकेक माणूस समजावून देत होत्या. हा माझा नवरा, ही बहीण, हा दीर, याला नाचता छान यायचं. पोरी ऐकत होत्या. कालिना रस्त्याच्या कडेला हातातले कागद विसरून उभी होती. सहा वर्षं तिने गाव वगळून सगळी दुनिया या रस्त्यावर आणली होती. गाव आज आलं.

रविवारी सकाळी मिंचो दुकानावर आला तो खोकी घेऊनच. शनिवार छान झाला होता, पण त्याने दिलेला शब्द दिलेलाच होता, आणि जिवंत माणसांच्या कामात त्याने काय केलं ते सगळ्या गावाने खांबाखांबावर पाहिलं होतं.

दुकानाच्या पायरीवर फुलं होती. काल रस्त्यावर काढून ठेवलेली एकेकटी कार्नेशन. कुणी जमा केली कळलं नाही, पण ज्याने केली त्याला ती कुणाच्या नावावर टाकायची ते नीट ठाऊक होतं. गावाने त्याचा हिशेब त्याच्याच दारात आणून ठेवला होता. मिंचोने खोकी खाली ठेवली. सवयीचा माणूस, त्याने मोजायला सुरुवात केली. पेन्का टपरीवरून बघत होती. एकशे अठरा. त्याने पुन्हा मोजली. एकशे अठराच.

"सम आहेत," तो म्हणाला.

"मला दिसतंय," पेन्का म्हणाली. ती उगीचच एका बादलीतलं पाणी दुसऱ्या बादलीत ओतत राहिली.

मिंचो खोक्यावर बसला. त्याला स्वतःवर काहीतरी विनोद करायचा होता. स्वतःचं पत्रक लावलं तेव्हा दोन फुलं मिळाली, दुकानाला एकशे अठरा, असं काहीतरी. पण त्याला हे दुकान हवं होतं, आणि तेवढंच त्याच्या मनात होतं.

कालिना चर्चच्या बाजूने आली. झोप न झाल्यासारखी दिसत होती. तिने खोकी बघितली, फुलं बघितली, मिंचोकडे बघितलं.

"मोजलीत?"

"एकशे अठरा."

ती खाली बसली. ढिगातून तिने एक फूल निवडलं, जरा सुकलेलं, देठ मोडलेलं, आणि ते आपल्या पिशवीत नीट उभं ठेवलं. मग उठली आणि पावलं चर्चकडे वळवली. दहा पावलांवर थांबून म्हणाली, "पुढच्या वर्षी निदान वाद्याचं नाव मोठं करा, काका."

पेन्काने बादली खाली ठेवली. मिंचोने पुन्हा मोजलं नाही. तो उठला आणि त्याने दुकानाचं शटर वर ढकललं.